प्राध्यापक थेट राजदूत होतो तो कसा?

वर विचारलं आहे की राज्यशास्त्राचा प्राध्यापक परराष्ट्र सेवेची परीक्षा न देता राजदूत कसा होतो. अमेरिकेत ही वाट निवडणूक-प्रचारातून जाते. रशियातले अमेरिकेचे माजी राजदूत मायकेल मॅकफॉल यांचंच बघा. स्टॅनफर्डमध्ये १९९५ पासून अध्यापन, २००८ मध्ये ओबामांच्या प्रचारात रशियाविषयक सल्लागार, मग २००९ पासून राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत रशियाचा विभाग. अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा २०१० चा न्यू स्टार्ट करार याच काळातला. राजदूतपदासाठी राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवलं तरी सिनेटची मंजुरी लागतेच. तिथे एकटा सिनेटरही प्रस्ताव अडवून धरू शकतो. मॅकफॉल यांचं नाव २०११ च्या सप्टेंबरात गेलं, मंजुरी डिसेंबरात मिळाली.

खरी अडचण पुढे आली, आणि माझ्या मते तोच या वाटेचा सर्वांत मोठा धोका आहे: प्राध्यापकाचं जुनं लेखन त्याच्याआधी पोचलेलं असतं. जानेवारी २०१२ मध्ये मॉस्कोत रुजू होताच दुसऱ्या दिवशी ते विरोधी नेत्यांना भेटले. रशियात डिसेंबरातल्या संसदीय निवडणुकीवरून निदर्शनं चालूच होती. सरकारी वाहिनीने त्यांच्या रशियातील 'अपूर्ण क्रांती'वरच्या पुस्तकाचं नाव पुढे करून विचारलं, ती पूर्ण करायला आलात का? नोकरशाहीत वाढलेल्या राजदूताच्या नावावर असं जाहीर लेखन सहसा नसतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते पद सोडून पुन्हा स्टॅनफर्डला शिकवायला गेले.

आपल्याकडे मात्र राजदूत बहुतेक परराष्ट्र सेवेतूनच येतात. बाहेरची नेमणूक सरकारच्या मर्जीवर, तिला संसदेची मंजुरी लागत नाही.