डेबियनच्या भांडारात नसलेली आवृत्ती कोठून घ्यावी?

प्रश्न : विंडोज सोडून मी नुकताच डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली वापरू लागलो आहे. त्याच्या भांडारात (अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यात) गिंप या चित्र-संपादकाची २.१० ही आवृत्ती मिळते, मला मात्र ३.० किंवा त्यापुढची हवी आहे. कुठल्याही संकेतस्थळावरून डेब फाइल (डेबियनवर बसवायचे पॅकेज) उतरवून घेणे सुरक्षित आहे का?

उत्तर १ : कृपया तसे करू नका. 'ॲप्ट' या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने फ्लॅटपॅक (ॲप बसवण्याची वेगळी व्यवस्था) बसवा, त्याला फ्लॅटहब हे ॲपचे भांडार जोडा आणि गिंप तेथून घ्या. ॲपला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) फ्लॅटपॅक वेगळ्या ठेवत असल्यामुळे मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. मात्र पहिले डाउनलोड बरेच मोठे असते, हे मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ॲपच्या नावाजवळ पडताळणीची खूण आहे का, तेही पाहा.

उत्तर २ : उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचे पीपीए (तिच्यासाठीची बाहेरची पॅकेज-भांडारे) डेबियनला जोडू नका, ही कळकळीची विनंती. मी जोडला होता आणि पुढच्या अपडेटला पॅकेजे एकमेकांत अशी अडकली, की 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' ही ओळ वाचत अर्धी रात्र गेली. डेबियननेच बांधलेली नवी पॅकेजे हवी असल्यास आधी बॅकपोर्ट्समध्ये (स्थिर डेबियनसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारात) शोधा.

प्रश्नकर्ता : फ्लॅटहबवरून बसवले, आभारी आहे. जुने गिंप काढावे लागेल का?

उत्तर १ : नाही, दोन्ही शेजारी-शेजारी नीट चालतात.