घरचं बिल्ड टाकून तपासायला जुना फोन कोणता? (बजेट ₹10,000)

म्हापशेचो_कोडर: एओएसपी (अँड्रॉइडचा खुला सोर्स कोड) घरी बिल्ड करतो, म्हणजे त्यातून फोनची सिस्टीम तयार करतो. फ्रेमवर्कमध्ये (ॲप ज्यावर चालतात त्या भागात) जरा काही बदललं की पूर्ण फ्लॅश, म्हणजे सगळी सिस्टीम फोनवर नव्याने टाकायची, परत सगळं सेटिंग. वैताग आलाय. ब्लूटूथ प्रिंटर जोडायचा असतो, म्हणून एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) नको. म्हापशात जुना पिक्सेल 4ए मिळतोय. घेऊ?

फोंड्याचा_अण्णा: सरळ पिक्सेल 8 घ्या. माझ्याकडे आहे, मक्खन चालतो. 7 वर्षं अपडेट.

कुळागर: एम्युलेटर वापर की. फुकट.

म्हापशेचो_कोडर: बजेट आणि प्रिंटर कोणी वाचलं का?

तारवटी: भावाने जहाजावरून येताना अमेरिकेतला पिक्सेल आणला, स्वस्तात. मोबाइल कंपनीच्या करारावरचा निघाला. ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण (बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करू देणारं) करडं, दाबताच येईना. मग स्वतःचं बिल्ड टाकता येत नाही. आता आई त्यावर भजनं ऐकते. दुकानातच वाय-फाय जोडून ते बटण बघून घे.

डिचोली_डीबग: रोज फ्लॅशऑल (सगळी सिस्टीम टाकणारी कमांड) कशाला? त्यात -w दिलंत की डेटाही जातो. युझरडीबग (तपासणीसाठीचं) बिल्ड एकदा चढवा. मग एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं टूल) वापरून एडीबी रूट, म्हणजे पूर्ण अधिकार, आणि एडीबी रिमाउंट, म्हणजे सिस्टीमवर लिहायची मुभा. पहिल्या वेळी रीबूट मागेल, त्यानंतर दोन्ही परत. पुढे नुसतं एडीबी सिंक, बदललेल्या फाइलीच जातात. शेवटी एडीबी शेलमधून स्टॉप, स्टार्ट, की फ्रेमवर्क नव्याने सुरू होतं. युझर (गिऱ्हाइकांसाठीच्या) बिल्डवर रूटच मिळत नाही, तिथे डोकं आपटू नका.

कुळागर: हेच लिहिणार होतो. केबल चांगली घे.

फोंड्याचा_अण्णा: केबल सोडा, इन्व्हर्टर घ्या! आमच्याकडे दोन थेंब पडले की वीज गुल. फ्लॅश अर्ध्यावर राहिला तर फोन मेला.

डिचोली_डीबग: अण्णा, सिस्टीम अर्धवट राहिली तर फास्टबूटमध्ये (बूटलोडरच्या फ्लॅश करायच्या मोडमध्ये) जाऊन परत टाकता येते. जपायचं ते बूटलोडरची फाइल टाकताना. आणि स्वतःचं बिल्ड असताना बूटलोडर परत लॉक करू नका, फोन सुरूच होणार नाही. बाकी 4ए अँड्रॉइड 13 वरच अडकलाय. थोडे पैसे घाला, 6ए घ्या.

तारवटी: 6ए च घे.

कुळागर: +1

म्हापशेचो_कोडर: 4ए घेतला. गिऱ्हाइकाकडे 13च आहे, मला पुढचं करायचंय काय? बटण दुकानातच चालू करून पाहिलं. सिंक मस्त चालतंय, डिचोलीकर, देव बरें करूं.

फोंड्याचा_अण्णा: 8 घ्यायला हवा होता.