दूध संघाची पेंड आपली म्हणून डोळे झाकून घ्यायची का?

गोठेकरी
माझ्याकडे चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आणि दोन म्हशी आहेत. वडिलांच्या काळापासून गावच्या दूध संस्थेतून संघाचीच कांडी, म्हणजे गोळी पशुखाद्य, येते. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या श्रावणात एका पोत्याची शिवण उसवली तर कोपऱ्यातली कांडी ढेकूळ झालेली. हात घातला तर आत कोमट लागलं, कुबट वास, ढेकूळ फोडलं तर हिरवट-करडी बुरशी. सचिवांना दाखवलं. म्हणाले, तेवढं बाजूला काढ, बाकीचं घाल. बदली पोतं मिळालं, नाही असं नाही, पण आठ दिवसांनी. तोवर पैसे दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून कापून झाले होते.

माझा मुद्दा वेगळा आहे. संघ माझं दूध रोज दोन वेळा तपासतो. गायीचं फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ टक्क्यांच्या खाली गेलं की दराला कात्री. त्यावर तक्रार नाही, नियम आहे. मग मी विकत घेतलेल्या पोत्याची तपासणी मला का दिसू नये? पोत्यावर प्रथिनं अमुक टक्के, फॅट तमुक टक्के छापलेलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं तेच असतं. पोत्यावर बॅच नंबर टाका आणि त्या बॅचचा रिपोर्ट संस्थेच्या फळ्यावर लावा. एवढंच मागणं आहे.

माजी_प्लँटवाला
दुसऱ्या जिल्ह्यातल्या संघाच्या पशुखाद्य कारखान्यात २२ वर्षं लॅबमध्ये काढली, म्हणून लिहितो. तपासणी होत नाही असं चित्र उभं करू नका. मक्याचा ट्रक गेटवर उभा राहिला की आधी नमुना, मग काटा. दाणा ओला असला की ट्रक परत. व्यापारी पुढाऱ्यांकडून फोन लावायचे, तरी परत.

भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस २०५२ प्रमाणे, तयार खाद्यात ओलावा ११ टक्क्यांच्या आत आणि अफलाटॉक्सिन बी१, म्हणजे बुरशीचं विष, जास्तीत जास्त २० पीपीबी चालतं. २० पीपीबी म्हणजे एक टन खाद्यात २० मिलिग्रॅम, चिमटीभर मिठाहूनही कमी. एवढ्याशा गोष्टीसाठी प्रत्येक बॅचची चाचणी करायची तर खर्च पोत्यावरच चढणार. पोत्याला दहा रुपये वाढले तर मोर्चा घेऊन तुम्हीच येणार.

आणि खरं सांगू? निम्मी बुरशी गावच्या गोडाऊनमध्ये लागते. पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकून, खाली फळी नाही, वर पत्रा गळका. फळ्यावरचा रिपोर्ट त्याला काय करणार?

गोठेकरी
गोडाऊनचं मान्य. पण माझं पोतं ट्रकमधून उतरलं त्याच दिवशी फोडलं होतं. आणि ते आतून कोमट होतं, दादा. पत्रा गळाला तर पोतं ओलं होईल, गरम कसं होईल?

माजी_प्लँटवाला
हं. आता तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. कांडी पाडायच्या आधी मिश्रणाला वाफ देतात, त्यामुळे डायमधून, म्हणजे भोकांच्या साच्यातून, कांडी चांगली गरम बाहेर पडते. ती कूलरमध्ये निवून मग पोत्यात जायला हवी. मागणी वाढली, तीन पाळ्या सुरू झाल्या की कूलरला वेळ मिळत नाही. गरम कांडी भरून शिवली की आतली वाफ थंड होऊन पाणी सुटतं, आणि तिथेच बुरशी धरते. हे कुठे होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण गरम पोतं म्हणजे बुरशी लागून तापलेलंही असू शकतं, तेही ध्यानात घ्या.

सरकीवाली_वहिनी
तीन वर्षं झाली, संघाची कांडी बंद केली. मका भरडा, सरकी पेंड, गव्हाचा भुस्सा, तुरीची चुनी, मिनरल मिक्श्चर, मीठ. घरीच कालवते. काय घातलंय ते मला माहीत असतं.

बंद का केली तेही सांगते. घमेल्यात दोन मुठी कांडी पाण्यात भिजवली, विरघळू दिली आणि वरचं हळूहळू ओतून दिलं. तळाला चमचाभर रेती राहिली. बोटानं चोळली तर कचकच वाजली. आमची म्हैस काय रेतीवर दूध देते होय? आणि प्रथिनं वाढवायला युरिया घालतात ते निराळंच.

जनावरांचा_डॉक्टर
वहिनी, घमेल्याची चाचणी बरोबर आहे. लॅबमध्ये हेच आम्लात न विरघळणारी राख म्हणून मोजतात आणि मानकात त्यालाही मर्यादा आहे. पण दोन गोष्टी ऐका.

युरियाचं आधी. प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. म्हणजे शंभर किलोत एक किलो युरिया टाकला की कागदावर जवळपास २.९ टक्के प्रथिनं आपोआप वाढतात. फसवणूक इथे शिरते. पण युरिया म्हणजे विषच असंही नाही. मोठ्या जनावराच्या पोटातले जंतू त्यातून प्रथिनं बनवतात, म्हणून १ टक्क्यापर्यंत तो चालतो. लहान वासरांना मात्र नको, त्यांचं कोठीपोट, म्हणजे हे जंतू राहतात तो पोटाचा कप्पा, तयार झालेलं नसतं. पोतं फोडून गायीनं एकदम भरपूर खाल्लं तर फुगते, तोंडाला फेस येतो. अशा वेळी मी पोचेपर्यंत व्हिनेगर पाजायला सांगतो.

दुसरं, तुमची सरकी पेंड. अफलाटॉक्सिनसाठी मका, शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड याच सगळ्यात नाजूक वस्तू. संघात निदान एक लॅब आहे. तुम्ही अडत्याकडून आणलेली पेंड कोणी तपासली? बुरशी डोळ्यांना दिसली नाही म्हणजे विष नाही, असं नसतं.

सरकीवाली_वहिनी
डॉक्टर, अडत्याची पेंड खराब निघाली तर मी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या अडत्याकडे जाते. संस्थेत तसं करून बघा. सचिव तोंडावर बोलत नाही, पण दिवाळीला दुधाच्या दराचा फरक वाटताना कोणी किती पशुखाद्य नेलं ते बघतातच.

कोथरूडकर
मी पुण्यात दूध विकत घेते, गोठा लांबूनच पाहिलाय. पण हा विषय माझ्याही घरात येतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले होते. भेसळीमुळे असुरक्षित निघाले फक्त १२. अफलाटॉक्सिन एम१, म्हणजे त्याच विषाचं दुधात उतरणारं रूप, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं ३६८ नमुन्यांत. आपण सगळे भेसळीच्या नावानं ओरडत होतो आणि गडबड खाद्यात होती. दूध उकळून हे जात नाही म्हणतात, खरं का?

जनावरांचा_डॉक्टर
खरं आहे. उकळा, पाश्चराइज करा, जवळजवळ तसंच राहतं. खाद्यातलं बी१ दिवसभरातच दुधात एम१ होऊन उतरायला लागतं. खराब खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणून सचिवांचं "बाजूला काढ, बाकीचं घाल" मला सगळ्यात जास्त खटकलं. ढेकूळ दिसतं तेवढंच असतं, असं कोणी सांगितलं?

एक_सभासद
संघाची निवडणूक तोंडावर आली की असे विषय कसे निघतात, कळत नाही. खासगी कंपनीच्या डीलरला कोणी रिपोर्ट मागतं का? तिथे पोतं उधार मिळालं की सगळे गप्प.

माजी_प्लँटवाला
यात तथ्य आहे. सहकाराचा पशुखाद्य कारखाना मुळात शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या पेंडीपासून सोडवायला निघाला. आणंदच्या संघाच्या (अमूलच्या) कंजरीच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान शास्त्रीजींनी केलं. आदली रात्र ते एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहिले, आणि तिथे जे पाहिलं त्यातूनच पुढच्या वर्षी एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) उभी राहिली. तो कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा होता. खासगीला आणि संघाला एकाच तागडीत तोलू नका.

गोठेकरी
तेच तर म्हणतोय! खासगीला विचारत नाही, कारण तिथे मी गिऱ्हाईक आहे. इथे मी मालक आहे, शेअरची पावती आहे माझ्याकडे. मालकानं स्वतःच्या कारखान्याचा रिपोर्ट मागितला की लगेच निवडणूक कशी आठवते?

एक_सभासद
मागा की. वार्षिक सभेत उठून मागा. इथे काय?

गोठेकरी
गेल्या सभेत मागितला होता. अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही.

माजी_प्लँटवाला
बरं, वाद बाजूला ठेवू. प्रत्येक बॅचचा रिपोर्ट परवडणार नाही, या मतावर मी ठाम आहे. पण ओलावा आणि रेती रोज बघायला फारसं काही लागत नाही. तेवढं फळ्यावर लागायला हरकत नसावी. बी१ साठी तुम्हीच एकदा नमुना काढा. एकाच पोत्यातून मूठ काढून पाठवू नका, बुरशी एका कोपऱ्यात असते आणि दुसरा कोपरा साफ निघतो. आठ-दहा पोत्यांत मधोमध नळी खुपसून थोडं थोडं काढा, सगळं एकत्र कालवा आणि त्यातलं अर्धा किलो पाठवा. नळी माझ्याकडे आहे. गावाचं नाव कळवा, येतो.

गोठेकरी
सोमवारी गाडी येतेय. शिवण तुमच्यासमोर उसवू.

एक_सभासद
आणि लॅबचं बिल कोण भरणार?

गोठेकरी
दहा दिवसांच्या बिलातून कापा. सवय आहे.