नुसती यंत्रं चालवणं?

शाळेतच करिअर अभ्यासक्रम म्हणून बायोटेक्नॉलॉजी घेतली तर मुलं नुसती यंत्रं चालवायला शिकतात, पाया कच्चा राहतो, असं तुम्ही म्हणता. मला हे अर्धंच पटलं.

मायक्रोपिपेटचंच घ्या, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून ओढायचं-सोडायचं हातातलं साधन. त्याच्या बटणाला दोन टप्पे असतात. द्रव ओढताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखा हात ओढतानाच दुसऱ्यापर्यंत जातो आणि जास्तीचा द्रव वर येतो. २ मायक्रोलीटरच्या कामात एवढ्यानं प्रयोगाचा विचका होतो. मग कुठे चुकलं ते शोधायला बसलं की द्रावणाची तीव्रता, गुणोत्तरं, सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. पाया तिथेच पक्का होतो की! डीएनएवर ऋण प्रभार असतो, तो धन टोकाकडे सरकतो, हे जेलच्या (डीएनएचे तुकडे विजेनं वेगळे करायच्या थराच्या) तारा उलट्या जोडून नमुना घालवलेल्या मुलाला वेगळं पाठ करावं लागत नाही.

पीसीआरबाबत (यंत्रात डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) मात्र तुमची शंका रास्त आहे. साधारण ९५ अंशांना डीएनएचे धागे सुटतात, ७२ च्या आसपास नवे तयार होतात. यंत्रात आकडे भरले की काम झालं, असं मुलांना वाटू शकतं. या दोन्हींच्या मधल्या टप्प्याचं तापमान प्राइमरनुसार (नवा धागा जिथून सुरू होतो तो डीएनएचा छोटा तुकडा) का बदलतं, हे खोदून विचारणारा शिक्षक हवा.

प्रवेशाआधी जुन्या विद्यार्थ्याची प्रयोगवही बघायला मागा. चुकीची नोंद खोडरबरानं पुसलेली आहे की एका रेघेनं खोडून शेजारी तारीख-सही केलेली आहे, एवढं पाहिलं तरी तिथे चुका लपवतात की त्यांतून शिकतात, ते बरंच कळतं. चकचकीत प्रयोगशाळेचे फोटो काय, सगळेच दाखवतात.