भरतपूरला आईला आणि लेकीला घेऊन जायचंय, चालावं किती लागतं?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. जानेवारीत राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान, पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे ते, बघायचं घाटतंय. आम्ही तिघीच, मी, आई आणि मुलगी. आईचं वय 68, गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर पाऊण तास चालते मग बसायला लागतं. मुलगी चौथीत आहे, पाषाण तलावावर खंड्याने मासा पकडलेला बघितला तेव्हापासून तिला पक्ष्यांचं वेड लागलंय, वहीत नावं लिहून ठेवते. आम्ही ट्रेकवाले नाही, गड चढायचा म्हटलं की आई घरी आणि मग मीपण घरी, त्यामुळे तिघींना एकत्र जमेल असं काहीतरी हवंय.
विचारायचं असं की आत खरंच किती चालावं लागतं, रिक्षा करावी की सायकल घ्यावी, आणि एक दिवस पुरतो का? आग्र्याला जाता जाता अर्ध्या दिवसात करून टाका असं एका ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं, पटलं नाही म्हणून इथे विचारतेय.

पाणवठा
ताई, अर्ध्या दिवसात करून टाकायची जागा नाही ती, तुम्हाला पटलं नाही हे बरं झालं. मी तीन वेळा गेलोय, त्यातल्या पहिल्या वेळी असंच पळत पळत केलं आणि हळहळत परत आलो.
चालण्याचं म्हणाल तर पूर्ण सपाट, एकसुद्धा चढ नाही. सगळं उद्यान मिळून जेमतेम 29 चौरस किलोमीटर. गेटपासून केवलादेवाच्या देवळापर्यंत सरळ डांबरी रस्ता आहे, साधारण पाच किलोमीटर, दोन्ही बाजूंना झाडं आणि त्यापलीकडे पाणी. त्या रस्त्याला आडवे मातीचे बांध फुटतात, पाण्याचे वेगवेगळे भाग करायला घातलेत ते, आणि खरी मजा त्या बांधांवरून चालण्यात आहे. आईंना जेवढं झेपेल तेवढं एका बांधावर जा, परत या, रिक्षात बसा. पर्यटकांच्या गाड्या आत सोडत नाहीत त्यामुळे शांतता इतकी की बदकं पाण्यात चोच मारतात तो चपचप आवाजसुद्धा ऐकू येतो.
सायकल रिक्षाच करा. ते रिक्षावाले नुसते रिक्षावाले नाहीत, पक्षी दाखवण्यात त्यांची वर्षं गेलीत, बरेच सरदारजी आहेत. मला मिळालेल्या काकांनी मध्येच ब्रेक दाबला, काही बोलले नाहीत, फक्त एका बाभळीच्या खोडाकडे हनुवटी केली. मी दोन मिनिटं बघतोय, मला खोडच दिसतंय. मग त्या खोडाच्या ढोलीत पिवळे डोळे उघडले, पिंगळ्याची जोडी, एकमेकांना चिकटून ऊन खात बसलेली. अशा जागा त्यांना पाठ असतात, आपण सायकलवरून गेलो असतो तर वीस वेळा त्या झाडाखालून गेलो असतो.
पण सुरुवातीलाच त्यांना सांगा की आम्हाला देवळापर्यंत पोचायची घाई नाही, जिथे बरं दिसेल तिथे थांबायचं. तासावर पैसे ठरतात, म्हणून लोकच त्यांना पळवतात. एका जागी अर्धा तास बसलात की जे दिसतं ते पाच किलोमीटर फिरून दिसत नाही. तिरंदाज पक्षी मासा चोचीने आरपार भोसकतो, वर येतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो, मग काठीवर पंख पसरून वाळवत बसतो, हे सगळं एका जागी बसूनच बघायचं असतं.
दोन दिवस ठेवा, एक सकाळ आणि एक दुपार तरी हवीच. मुलगी सायकलचा हट्ट करेल तर दुसऱ्या दिवशी गेटवर भाड्याने मिळते, दुर्बीणही मिळते.

करवीर_ते_गुरुग्राम
वरच्या सगळ्याला दुजोरा, फक्त सकाळबद्दल थोडं वेगळं सांगतो. मी दिल्लीकडे राहतो, दरवर्षी एक फेरी असते. डिसेंबर अखेर ते जानेवारी मध्य धुकं असं पडतं की दहा-दहा वाजेपर्यंत समोरचं झाड दिसत नाही. पुण्यामुंबईची माणसं पहाटे सहाला हौसेने गेटवर येतात, थंडीने कुडकुडतात, दोन तासात काही दिसत नाही आणि वैतागून जातात. तुमच्याबरोबर आई आहेत, त्यांना त्या गारठ्यात गुडघ्यांचा त्रास होईल. निवांत नाश्ता करून निघा, ऊन पडलं की पक्षीपण उघड्यावर येतात आणि अजगरसुद्धा. जमत असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बघा, परीक्षा नसेल तर. थंडी सुसह्य असते आणि पाहुणे पक्षी अजून असतात.
आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट काढायच्या आधी तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला नाहीतर गाइडला फोन करून एकच विचारा, यंदा पाणी किती आहे? हे तळं आपोआप भरत नाही. सगळा प्रदेश मुळात खोलगट, त्यात अठराव्या शतकात भरतपूरच्या राजा सूरजमलने अजान बांध घातला, पावसाळ्यात त्या बांधातून आत पाणी सोडायचं आणि मग सबंध हिवाळा ते पुरवायचं अशी पद्धत. पण गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झालं आणि ते पाणी येणं बेभरवशाचं झालं, मग गोवर्धन ड्रेन या पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यामधून आणि चंबळच्या पाइपलाइनने पाणी आणायची वेळ आली. ज्या वर्षी पाणी चांगलं त्या वर्षी चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क, मोठे करकोचे) शेकडो घरटी, बाभळी पांढऱ्या झालेल्या असतात. पाणी नाही तर नुसतं गवत आणि नीलगायी, मी दोन्ही बघितलंय.
हाच तो सूरजमल बरं का, पानिपतानंतर पळून येणाऱ्या आपल्या जखमी लोकांना ज्याने आसरा दिला, अन्न-कपडा दिला. त्या लोकांना ज्या मुलखात आधार मिळाला तिथेच आपण पक्षी बघायला जातो, मला तरी दरवेळी आठवण येते. वेळ उरला तर डीगचे महाल बघा, तासाभराच्या अंतरावर आहेत.
प्रवास सोपा आहे, भरतपूर मुंबई-दिल्ली मेन लाइनवरच, मथुरेच्या अलीकडे. पुण्याहून गोवा एक्सप्रेसने मथुरेला उतरलात तर पुढे चाळीस किलोमीटरच्या आत.

कलहंस
मी 1990 च्या आसपास पहिल्यांदा गेलो तेव्हा सैबेरियन क्रेन बघितले. मोजकेच होते तेव्हाही. पांढरेशुभ्र, लाल चेहरा, उडाले की पंखांची टोकं काळी, पाण्यातल्या चिखलात मान खुपसून गवताचे कंद उकरून खात होते, चोच वर आली की चिखल गळायचा. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर कोणी आलं नाही. मी नंतर पाच-सहा वेळा गेलो, अजूनही त्या बाजूला गेलं की नजर जाते. हे तुमच्या लेकीला नक्की सांगा, ती वही लिहिते ना, त्यात न दिसलेल्या पक्ष्याचं नावपण असू द्यावं.
देवळापाशी शिकारीचे शिलालेख आहेत, ते चुकवू नका. ही पूर्वी भरतपूरच्या महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा, व्हाइसरॉयना बोलवायचे. कोणत्या साली कोण पाहुणा आणि किती पक्षी पाडले हे दगडावर कोरलंय. 1938 मध्ये तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आला त्या एका दिवसाचा आकडा 4,273 आहे. दगडापुढे उभं राहून तो आकडा वाचायचा आणि मागे पाण्यावर बदकांचा आवाज चालू असतो, माझ्या अंगावर काटा येतो. ही जागा वाचवायला पक्षीतज्ज्ञ सालिम अली खूप झटले, आत त्यांच्या नावाने माहिती केंद्र आहे. 1981 मध्ये ओडिशातल्या चिल्का सरोवरासोबत ही भारतातली पहिली रामसर पाणथळ ठरली (रामसर म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार), 1985 मध्ये जागतिक वारसा.
एक गोष्ट मात्र लोक सांगत नाहीत. 1982 मध्ये आत गुरं चारायला बंदी केली, गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. आणि पुढे बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला तर काय दिसलं, म्हशी गेल्यामुळे पाण्यातलं गवत बेसुमार माजलं आणि पक्ष्यांनाच जागा कमी पडायला लागली. म्हशी पाण्यात बसून गवत खात होत्या तो त्या तळ्याचाच भाग होता. गावाला विचारल्याशिवाय जंगल राखायला गेलं की असं होतं, आणि मरतो तो गावातला गरीबच. मला ह्याचं फार वाईट वाटतं, म्हणून जो कोणी तिथे जातो म्हणतो त्याला सांगतोच.

गोदावरीची_लेक
ताई, जानेवारीला वेळ आहे तोवर एक रविवार नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या, निफाड तालुक्यात. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात त्याला, 2020 मध्ये रामसर दर्जा जाहीर झाला, राज्यातलं पहिलं. मी तिथलीच माहेरवाशीण. चापडगावच्या बाजूने आत गेलं की निरीक्षण मनोरे आहेत, वाट सपाट. आईंना किती वेळ उभं राहवतं, मुलगी दुर्बिणीतून पक्षी धरू शकते का, हे सगळं तिथे कळेल. लहान मुलांना दुर्बीण लगेच जमत नाही, आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याकडे बघत राहायचं आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची, हे चार दिवस गच्चीत कावळ्यांवर करून घ्या. 8 बाय 42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) घ्या, जास्त पॉवरची हातात हलते.
आईंसाठी घडीचं छोटं स्टूल न्या. मी माझ्या सासूबाईंना तसंच नेलं होतं, त्या बसल्या की मग उठायलाच तयार नव्हत्या.

मुठाकाठ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, सैबेरियन क्रेनचं ऐकून ती गप्प झाली. फेब्रुवारी करतोय मग. फक्त ते अजगराचं, मुलगी बरोबर आहे म्हणून विचारते, काही भीती?

पाणवठा
नाही, वाट सोडू नका म्हणजे झालं. ते साळिंदराच्या बिळात राहतात, थंडीत उन्हाला तोंडाशी येऊन पडतात. लांबूनच बघायचं, जवळ जाऊन फोटोच्या नादात बिळाशी गर्दी करायची नाही, आपण गेलो की ते आत जातात आणि थंडीत त्यांचं ऊन बुडतं.

मुठाकाठ
मंडळी, जाऊन आलो, सांगायला आलेय. पाणी चांगलं होतं, फोन करून विचारलं होतं आधी. दोन दिवसात मिळून आई जास्तीत जास्त दोन किलोमीटर चालली असेल.
पहिल्या दिवशी देवळापर्यंत पोचलोच नाही. अर्ध्या वाटेवर एका बांधावर स्टूल मांडलं, समोरच्या बाभळीवर चित्रबलाकांची घरटी, पिल्लं मोठी झालेली, आईबापाएवढीच पण रंग मळकट. एक मोठा पक्षी आला, पिल्लं अंगावर धावली, त्याने मासे घरट्यात ओकून टाकले आणि जराही न थांबता परत उडाला. आई म्हणाली, बाई गं, बसलापण नाही. मग तोच पक्षी परत येतो का बघायला आम्ही तिथे थांबलो ते दीड तास. सरदारजी काका काही बोलले नाहीत, तेही उतरून आमच्याजवळ उकिडवे बसले आणि मुलीला कमळपक्षी दाखवला, पानांवरून चालणारा. हिच्या पुस्तकातल्या चित्रात लांब शेपटी होती आणि ह्याला नव्हती, तर काकांनी सांगितलं की ती शेपटी विणीच्या काळातच येते, पावसाळ्यात या.
वहीत 61 नावं झाली. बासष्टावं तिने सैबेरियन क्रेन लिहिलंय आणि पुढे "आजोबांनी बघितला" असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही, कलहंस काका.
आई आता विचारतेय पावसाळ्यात कधी जायचं. सप्टेंबरची कोणाला माहिती असेल तर सांगा, डास फार असतात का तेवढं कळलं पाहिजे.