मदत हवी आहे: व्हिएतनामी मुलं कोरियाकडे का वळली?

नमस्कार मंडळी, व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणावर प्रकल्प करतेय. १९८६ च्या 'दोई मोई' या व्हिएतनाममधल्या आर्थिक सुधारणांआधी ही मुलं मॉस्को, प्रागला जायची. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया. आता जपान, तैवान आणि कोरियात झुंबड! जपानचं एक वेळ समजतं, तिथे विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तास काम करता येतं. कोरियाचं काय? व्हिएतनाममध्येच, बाक निन्हमधल्या सॅमसंग या कोरियन कंपनीच्या कारखान्यात पुढे नोकरी मिळेल म्हणून? (के-पॉपचं कारण मला तरी पटत नाही.) सोलमधली माझी हनोईची रूममेट हॉटेलात भांडी घासून मध्यरात्री येते, मग पुस्तकात पेन्सिलीने व्हिएतनामी अर्थ लिहीत बसते. विचारलं की नुसती हसते. हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीत राहणारं कुणी आहे का? तिथल्या पालकांशी बोलायचंय, दुभाषाही लागेल.