मदत हवी आहे : सीमेवरच्या संयुक्त लष्करी कारवाईचा जिवंत देखावा, माहिती तातडीने पाहिजे

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या मंडळाचा यंदा जिवंत देखावा आहे. विषय ठरलाय : आपल्या सैन्याने शेजारच्या देशाच्या सैन्याला सोबत घेऊन सीमेपलीकडच्या जंगलातले अतिरेक्यांचे तळ उडवले, ती कारवाई. संहिता जवळजवळ तयार आहे. सोमवारी आवाजाचं रेकॉर्डिंग आहे आणि स्टुडिओवाला पुढची तारीख द्यायला तयार नाही. नक्की तारीख, हल्ला करणारी आपली रेजिमेंट आणि अतिरेक्यांच्या म्होरक्याचं नाव एवढंच पाहिजे. खलनायकाला नाव नसलं तर पब्लिक हलत नाही. नेटवर शोधा असं कुणी सांगू नका, शोधून डोकं फिरलंय, प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय.

गॅलरीतला प्रेक्षक
कोणता देश?

बाळीवेसकर
शेजारचा म्हटलं की. ईशान्येकडचा.

उपद्व्यापी काका
ईशान्येला चीन, भूतान, म्यानमार, बांगलादेश आणि सिक्कीम धरलं तर नेपाळ. यातला कोणता? साल तरी सांगा. १९९५ चं 'गोल्डन बर्ड' म्यानमारबरोबरचं, मिझोरामच्या सीमेवर. २००३ चं भूतानचं. २०१५ चं परत म्यानमार. २०१९ चं 'सनराइज' पण म्यानमारच. तुम्हाला नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतंय, कारण त्या वेगवेगळ्या कारवाया आहेत.

पाखरे सर
स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम विषय आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, त्यामुळे अंतर्गत सुरक्षेवर असा प्रश्न येऊ शकतो. आधी सीमांची लांबी पाठ करा : बांगलादेश ४०९६ किमी, म्यानमार १६४३, भूतान ६९९, नेपाळ १७५१. मग कोणत्या सीमेवर कोणतं दल : बांगलादेशला बीएसएफ, म्यानमारला आसाम रायफल्स, नेपाळ-भूतानला एसएसबी म्हणजे सशस्त्र सीमा बल. हे लिहिलं की निम्मे गुण खिशात. आमच्याकडे रविवारी मोफत मार्गदर्शन असतं.

बाळीवेसकर
सर, मी काय विचारलालोय आन तुम्ही काय सांगलालाय? परीक्षा नाही, गणपतीचा देखावा आहे.
काका, २०१५ च असणार. पॅराशूटने कमांडो उतरतात असा पहिला सीन आहे. क्रेन ठरवलीय.

सुमेधा
२०१५ असेल तर 'शेजारच्या सैन्याला सोबत घेऊन' हे वाक्य काढा. ४ जूनला मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात आपल्या सैन्याच्या ६ डोग्रा पलटणीच्या ताफ्यावर हल्ला झाला, १८ जवान गेले. ९ जूनला २१ पॅराच्या कमांडोंनी कारवाई केली. म्यानमार सरकारने तर आमच्या हद्दीत असं काही झालंच नाही असं जाहीरपणे सांगितलं. याला संयुक्त कसं म्हणायचं?

गर्जा
म्हणायलाच तसं लागतं मॅडम. आतून परवानगी होतीच. कुठला देश उघड कबूल करेल?

सुमेधा
आतून काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं? मी त्यांनी जाहीरपणे काय सांगितलं तेवढंच लिहिलंय. शिवाय पॅराशूटचं तिथे काय काम?

गर्जा
देखाव्यात एवढं चालतंय. पब्लिक काय पुस्तक घेऊन येत नाही.

उपद्व्यापी काका
खरी मिळूनची कारवाई पाहिजे असेल तर २०१९ घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण आपल्या बाजूला आराकान आर्मी या म्यानमारमधल्या बंडखोर गटाच्या लोकांना रोखलं, कारण ते कलादान प्रकल्पाच्या, म्हणजे म्यानमारमधून मिझोरामला जाणाऱ्या आपल्या वाहतूक मार्गाच्या आड येत होते. त्या बदल्यात म्यानमारच्या सैन्याने सागाइंगमधल्या टागा भागात आपल्याविरुद्ध लढणाऱ्या नागा आणि इतर गटांचे तळ मोडले. पुढे २०२० च्या मे महिन्यात त्यांनी २२ जणांना विमानाने आणून आपल्या ताब्यात दिलं. देवाणघेवाण सरळ होती : तुमची डोकेदुखी आम्ही बघतो, आमची तुम्ही बघा. १९९५ ची गोष्ट मात्र अर्धवट राहिली. तिथल्या विरोधी नेत्या आँग सान सू ची यांना आपला नेहरू पुरस्कार जाहीर झाल्यावर म्यानमारच्या लष्करी राजवटीने हात आखडता घेतला, असं त्या कारवाईबद्दल नेहमी सांगितलं जातं.

बाळीवेसकर
यात राजा कुठाय?

गॅलरीतला प्रेक्षक
राजा??

बाळीवेसकर
संहितेत राजा आहे. स्वतः बंदूक घेऊन लढायला उतरतो. ते खरं आहे असं लिहून देणाऱ्याने सांगितलं, म्हणून तर हा विषय घेतला. वर लिहायचं राहिलं होय?

सुमेधा
अहो मग भूतान! राजा म्हटलं असतं तर पहिल्याच प्रतिसादात उत्तर मिळालं असतं. 'ऑपरेशन ऑल क्लिअर', सुरुवात १५ डिसेंबर २००३. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक, म्हणजे सध्याच्या राजांचे वडील. स्वतंत्र आसाम मागणारी उल्फा, बोडोलँड मागणारी एनडीएफबी आणि कामतापूर मागणारी केएलओ या तीन सशस्त्र संघटनांचे मिळून ३० तळ दक्षिण भूतानच्या जंगलात होते : १३, १२ आणि ५. राजे स्वतः सैन्याबरोबर होते.

पण तुमचा दुसरा प्रश्न, 'आपल्या कोणत्या रेजिमेंटने हल्ला केला', त्याचं उत्तर : कोणत्याच नाही. तळांवर चालून गेली ती रॉयल भूतान आर्मी. आपल्या सैन्याने सीमा बंद केली.

गर्जा
मग देखावा भूतानच्या सैन्याचा करायचा काय? वर्गणी सोलापूरची आन शौर्य भूतानचं. अध्यक्ष मंडपातनं बाहेर काढतील.

निवृत्त सुभेदार
राम राम. मी त्या हिवाळ्यात आसामात रंगियाच्या बाजूला होतो. युनिटचं नाव इथे लिहिणार नाही.

सीमा बंद केली हे एका ओळीत लिहून होतं. आसाम आणि भूतानची सीमा २६७ किलोमीटर, तारेचं कुंपण नाही. डोंगरातून नद्या-नाले खाली येतात, डिसेंबरात त्यांची पात्रं कोरडी पडतात, आणि वरून पळणारा माणूस त्याच पात्रातून खाली उतरतो. तिथे आमचे स्टॉप, म्हणजे पळणाऱ्याला अडवायच्या तुकड्या, लागलेले. रात्रभर गोट्यांवर पालथं पडून राहायचं. पहाटे धुकं असं की एलएमजीची, म्हणजे हलक्या मशीनगनची, नळी दिसायची, तिच्या पुढचं काही नाही. खोकला आला तर मफलर तोंडात कोंबायचा. वर डोंगरात मॉर्टरचे आवाज यायचे आणि आमच्याकडे शांत. पुढून गोटा गोट्यावर घासल्याचा आवाज आला की तो माणूस आहे, गाय आहे की हरीण, हे ठरवायला दोन-तीन श्वासांचा वेळ. गावकऱ्यांवर गोळी जाऊन चालणार नव्हतं. हल्ला करणाऱ्याला कुठे जायचं ते माहीत असतं, स्टॉपवरच्याला कोण येणार तेही माहीत नसतं.

दोन्ही सैन्यांची कामं अशी वाटून होती. आम्ही सीमेवर नसतो तर वर तळ मोडून उपयोग नव्हता, माणसं आसामात उतरून पांगली असती. आणि ते वर चढले नसते तर आम्हाला ते तळ नुसते लांबून बघावे लागले असते. देखाव्यात पॅराशूट घालू नका. भूतानला हवाई दल नाही. हेलिकॉप्टरं आपली आली, ती त्यांच्या जखमींना उचलायला. उपचार आपल्या लष्करी रुग्णालयांत झाले. तो प्रसंग घ्या.

बाळीवेसकर
सुभेदारसाहेब, सलाम. पण क्रेनचा ॲडव्हान्स दिलाय.

कडक भाकरी
क्रेनने जखमी उचला.

डॉल्बीग्रस्त
नवी पेठेत राहतो. देखावा कोणताही करा, शेजारच्या मंडळाच्या डॉल्बीत तुमचा आवाज कुणाला ऐकू येणार ते आधी बघा. मागच्या वर्षी आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्यापेक्षा लेझीम धरा. सोलापूरची लेझीम बघायला लोक लांबून येतात, ती सोडून हे क्रेन-बिन कशाला?

गर्जा
आला हा. प्रत्येक धाग्यात डॉल्बी.

वकील वहिनी
गणवेशाचं काय केलंय? सैनिकाचा वेश घालून आपण सैनिक आहोत असं भासवणं हा गुन्हा आहे, जुन्या दंडविधानात कलम १४० होतं, नव्या न्याय संहितेतही तरतूद आहे. देखाव्यात भासवण्याचा हेतू नसतो, त्यामुळे घाबरू नका. पण पोरं त्याच वेशात, खोटी बंदूक खांद्यावर टाकून रात्री पार्क चौकात चहाला जातात, ते बंद करा. मंडपाच्या परवानगीबरोबर संहितेची प्रत पोलीस ठाण्यात देऊन ठेवा.

विवेक पी
सुभेदारसाहेब, माझा मुलगा अग्निवीरची तयारी करतोय. उंची थोडी कमी भरते. काही सवलत असते का?

निवृत्त सुभेदार
विवेकराव, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

पाखरे सर
भूतानवर आपण दबाव टाकला म्हणून त्यांनी कारवाई केली, हा मुद्दा कुणी मांडला नाही. १९४९ च्या करारानुसार परराष्ट्र धोरणात भूतान आपला सल्ला घेणार असं ठरलं होतं. दुसरं काय करणार होते?

सुमेधा
सर, दबाव होताच, पण एवढंच कारण असतं तर ते आधीच झालं असतं. १९९० ला ऑपरेशन बजरंग आणि पुढच्या वर्षी ऱ्हायनो या उल्फाविरुद्धच्या आपल्या लष्करी कारवाया झाल्या, आसामात राहणं अवघड झालं तसे हे गट भूतानच्या जंगलात शिरले. पुढे भूतान सरकार कित्येक वर्षं बोलणीच करत होतं. २००१ च्या जूनमध्ये उल्फाने काही तळ हलवायचं कबूल केलं, पण माणसं जंगलातच राहिली. भूतानची अडचण समजून घ्या. सैन्य लहान, आणि देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायचं तर लोक आसाममधल्या रस्त्याने जायचे. २००० च्या डिसेंबरात अशाच भूतानी प्रवाशांवर आसामात हल्ले झाले होते. हात उगारला तर मार कुणाला बसणार, हे त्यांना दिसत होतं. ज्यांचे तळ मोडायचे त्यांना १३ डिसेंबरला शेवटची मुदत दिली, दोन दिवसांची, आणि मग चढले.

२००७ ला करार नव्याने झाला. आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध होऊ द्यायचा नाही, हे त्यात दोघांनी सारखंच मान्य केलं. ते वाक्य व्हॉइस ओव्हरला चांगलं आहे.

गर्जा
करारावर टाळ्या पडत नसतात.

बोंगाईगावचा पाहुणा
मूळचा अक्कलकोट रोडचा, नोकरीमुळे बरीच वर्षं आसामातल्या बोंगाईगावला काढली. एक विनंती. खलनायकाला नाव देऊ नका, आणि 'बोडो अतिरेकी' असं तर अजिबात बोलू नका. संघटनेचं नाव घ्यायचं तर घ्या, समाजाचं नको. तिथल्या बाजारात मी ज्यांच्याकडून भाजी घ्यायचो ते बोडोच होते, आणि या गटांच्या खंडणीचा त्रास त्यांनाही होता. २०२० च्या जानेवारीत बोडो करार झाला, एनडीएफबीच्या लोकांनी शस्त्रं खाली ठेवली. उल्फाच्या चर्चावाद्या गटानेही २९ डिसेंबर २०२३ ला सही केली. उल्फाच्या दुसऱ्या गटाचे नेते परेश बरुआ बाहेरच आहेत, पण २००३ च्या जंगलात त्यांना दाखवायचा काही आधार नाही. त्या कारवाईत उल्फाचे ज्येष्ठ नेते भीमकांत बुरागोहाईं पकडले गेले, भूतानने त्यांना आपल्याकडे सोपवलं. ते वयस्कर गृहस्थ होते. मिशा पिळणारा खलनायक त्यातून निघणार नाही.

बाळीवेसकर
म्हणजे खलनायक गेला, पॅराशूट गेलं, रेजिमेंट गेली. आता राहिलं काय?

कडक भाकरी
गणपती.

सुमेधा
राजा राहिला की. आणि सुभेदारसाहेबांचं ते कोरडं पात्र. स्टेज दोन पातळ्यांचं करा. वर डोंगर, त्यावर भूतानी सैन्य आणि राजा. खाली गोट्यांमध्ये आपले जवान, हालचाल नाही, फक्त धुकं. वर धडाधड आवाज, खाली काहीच नाही. मग एक जण पळत खाली येतो आणि जवान उठतात. शेवटी हेलिकॉप्टर आणि जखमी भूतानी शिपाई. क्रेन तिथे वापरा. निवेदनात थिंपू-पुनाखा रस्त्यावरच्या दोचुला खिंडीतले १०८ चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, सांगा, याच कारवाईनंतर राजमातांनी बांधवून घेतलेले. मी पाहिलेत, एका टेकाडावर गोल रांगांत उभे आहेत, मातकट लाल पट्ट्यांचे.

गर्जा
आमचे जवान दहा मिनिटं झोपून राहणार? पोरं तयार होणार नाहीत. सगळ्यांना पळायचंय आन गोळ्या झाडायच्यात.

निवृत्त सुभेदार
आमच्यातही सगळ्यांना पळायचंच होतं. पोरांना म्हणावं, या, एक दिवस मी सराव घेतो. झोपून राहणं किती अवघड आहे ते कळेल.

बाळीवेसकर
सुभेदारसाहेब, शनिवारी संध्याकाळी येता का? पत्ता निरोपातून पाठवतो. अध्यक्षांशी बोललो, राजा आणि खालचे जवान चालतील म्हणाले, पण भारत माता की जय पाहिजेच म्हणाले. ते जखमीच्या सीनला टाकतो. खाली जवानांच्या बाजूला एसएसबीचा बोर्ड लावू का?

निवृत्त सुभेदार
नको. एसएसबीकडे ही सीमा मार्च २००४ मध्ये आली. त्या डिसेंबरात बोर्ड लावायचाच तर नुसतं 'भारतीय सेना' लिहा. शनिवारी येतो. धुक्यासाठी मशीन भाड्याने घेणार असाल तर आधी तपासून घ्या, काहींचा आवाज मॉर्टरपेक्षा मोठा असतो.

बाळीवेसकर
घेतो तपासून. आता शेवटचं, राजाचा पोशाख कुठे मिळेल? आमच्या ड्रेपरीवाल्याकडे फक्त महाराज आणि मावळे आहेत.

वकील वहिनी
लढाईला राजा सैन्यासोबत होता, तर दरबारी पोशाख कशाला? साधा लष्करी वेशच द्या. आणि परदेशी राष्ट्रप्रमुख दाखवताय, तेव्हा विनोदी आवाज काढणारा कलाकार घेऊ नका म्हणजे झालं.

बाळीवेसकर
घेतलाय ओ. बदलतो.

विवेक पी
अग्निवीरचा धागा काढलाय, सुभेदारसाहेब, कृपया बघा.